अरोवानाचे सोबती

माझे वडील आमच्या घरी कायमचे राहावेत, एवढं एकच मला हवं होतं. आणि माझ्या नवऱ्याला ते नको आहे, अशी माझी पक्की खात्री होती. पुरावा काय, तर तो काहीच बोलत नव्हता. भांडणारा माणूस बरा असतो हो, निदान त्याच्या पोटात काय आहे ते कळतं. हा आपला दोन घास खातो, हात धुतो आणि जाऊन माशांपुढं उभा राहतो. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, मनात अरे म्हणते. लिहिताना मनातलंच लिहितेय, त्याला वाचायचं असेल तर वाचू दे.

आम्ही चिखलीत राहतो. नवरा कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस आहे आणि मी घरी ब्लाउज शिवते. माझं मशीन समोरच्या खोलीत खिडकीखाली आहे आणि त्याच्या अगदी समोरच्या भिंतीला नवऱ्याची माशांची सहा फुटी काचेची टाकी. म्हणजे दिवसभर मान वर केली की मला मासेच दिसतात. लग्नानंतर बाई नवऱ्याच्या आईशी जुळवून घेते. माझ्या वाट्याला सासू नव्हती, ही टाकी होती.

टाकीत एक अरोवाना. हात कोपरापासून लांब करा, तेवढा. चांदीच्या पट्टीसारखा सरळ, तोंड वरच्या बाजूला उघडणारं, हनुवटीला दोन मिशा, आणि चाल अशी की जणू तलाठी सातबारा काखेत मारून चाललाय. आम्ही त्याला मोठा म्हणायचो. त्याच्या सोबतीला चार केशरी पॅरट मासे, ताटलीसारखे चपटे दोन सिल्व्हर डॉलर, आणि काचेला तोंड लावून शेवाळ खाणारा एक काळा सकर. मोठा वरच्या पाण्यात, डॉलर मधल्या, पॅरट खाली दगडांशी. ज्यानं त्यानं आपली जागा धरलेली.

बाबा आले दिवाळीनंतर. जानेफळला ते एकटेच राहायचे. आई गेली त्याला तीन वर्षं झाली, शेत ठोक्यानं कसायला दिलेलं, भाऊ पुण्याला एका खोलीत तिघं जण. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आठवड्यानं ते मोरीत पडले. शेजारच्यांनी फोन केला म्हणून कळलं. मी त्या दिवशी हातातला ब्लाउज तसाच मशीनवर सोडून गेले. पाय मोडला नव्हता, पण कंबरेपासून सगळं अंग काळंनिळं झालेलं. आणि हा माणूस मला म्हणतो, काई झालं नाई माय, जरासा घसरलो. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, आता ह्यांना एकटं ठेवायचं नाही. आम्ही दोघं जाऊन त्यांना घेऊन आलो.

पण लेकीच्या घरी राहणं म्हणजे आमच्या बाबांसारख्या माणसाला अंगावर काटा. त्यांच्या पिढीत लेकीच्या घरचं पाणी पिणंसुद्धा चालत नसे. सोफ्यावर बसायचे नाहीत, दाराजवळच्या स्टुलावर बसायचे. जावई जेवल्याशिवाय ताटावर यायचे नाहीत. आणि सारखं काही ना काही काम शोधायचे. लसूण सोलून ठेव, माझ्या खाली सांडलेल्या टाचण्या चाचपून वेच, अंगण झाड. मी ओरडायची, बाबा, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, वाकू नका! तर म्हणायचे, फुकटचं बसून खाल्लं तर आंगी लागत नाई वं.

टाकी पाहून पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "खायाचे नाई तं ठेवले कायले?"

नवरा हसला. त्या आठवड्यातलं त्याचं ते पहिलं हसणं असेल. मग त्यानं बाबांना सगळं समजावून सांगितलं. मोठा बाकीच्यांना खात काऊन नाही, हे बाबांना कळत नव्हतं.

"तोंडात मावत नाईत म्हणून खात नाई, बाबा. याच्यासंग कोणाले ठेवाचं असलं तं दोनच गोष्टी पाहा लागतात. एक तं तोंडात मावला नाई पाह्यजे. आन दुसरं, त्याच्या वाटेत आला नाई पाह्यजे. लहान मासा टाकला तं सकाळी दिसत नाई, आन भांडकुदळ टाकला तं याचे खवले काढते."

"म्हंजे आपापल्या जागी गुमान राह्यलं तं चालते."

"हाव. गुमान राह्यलं तं काईच त्रास नाई."

मी मशीनवर होते. बाबा सहज बोलले होते, पण नवऱ्याचं ते उत्तर माझ्या कानात जाऊन बसलं. गुमान राहिलं तर त्रास नाही. मासेच सांगत होता ना हा? की माझ्या बापाला त्याची जागा दाखवत होता? मनात पाल चुकचुकली ती तिथं. त्या दिवशी मी एका बाईच्या ब्लाउजची बाही उलटी जोडली.

त्यानंतर मी डोळ्यात तेल घालून बघायला लागले. नवरा रोज संध्याकाळी कॉलेजातून आला की चप्पल काढायच्या आधी टाकीपाशी जायचा आणि बोट हलवत मासे मोजायचा. आधीही मोजायचा का? असेल, माझं लक्ष नव्हतं. पण आता मला दिसलं आणि वाटलं, घरात परका माणूस आला म्हणून मोजतोय. मग एक दिवस त्यानं आतली वेताची खुर्ची आणून टाकीच्या बाजूला ठेवली आणि बाबांना म्हणाला, इथी बसत जा. बाबा खूश. मी मनात म्हटलं, वा रे वा! म्हणजे एका नजरेत मासेही आणि माणूसही. बाबा टाकीशी बसलेले असले की तो कधी कधी मोबाइल काढून फोटो घ्यायचा, तेही गुपचूप, मागून. हे कशासाठी? कोणाला दाखवायला? मला विचारायचं धाडस नव्हतं असं नाही. विचारलं आणि त्यानं खरं उत्तर दिलं तर, ही भीती होती.

मग पहिला मासा मेला.

आमच्याकडे नळ आठव्या-दहाव्या दिवशी येतो. ज्या दिवशी नळ, त्या दिवशी घरात सणासारखी धावपळ. पिंप, बादल्या, हंडे, कळश्या, सगळं भरायचं. पाणी येतं तेव्हा त्याला ब्लीचिंग पावडरचा असा वास असतो की नाक चुरचुरतं. नवरा टाकीसाठी एक निळा ड्रम वेगळा भरायचा आणि तो दोन-तीन दिवस तसाच उघडा ठेवायचा, मग त्यातलं पाणी टाकीत घालायचा. मला तो नुसता जागा अडवणारा ड्रम वाटायचा. नळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोनातला एक सिल्व्हर डॉलर आडवा होऊन तरंगत होता.

नवऱ्यानं तो जाळीनं काढला, उलटापालटा करून पाहिला. म्हणाला, "चावा नाई कुठी." आणि खुर्चीकडे बघितलं. बाबा तिथं बसलेले होते, म्हणून बघितलं असेल. मला मात्र ती नजर काळजात टोचली.

पुढच्या नळानंतर एक पॅरट गेला. ह्या वेळी नवरा काहीसुद्धा बोलला नाही. आणि तो बोलला नाही की माझं डोकं दुप्पट चालतं.

माझ्याकडे ब्लाउज टाकायला आमच्या गल्लीतली एक बाई यायची. आता तिचं नाव कशाला घेऊ, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. तिनं टाकीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि बाबा अंगणात गेल्यावर हळूच म्हणाली, "काऊन वं, किती दिवस राह्यतात तुये बाबा?"

"राह्यतात म्हंजे? इथंच राह्यतात."

"बाप्पा! आन जवाई चालू देतात?"

"काऊन नाई देणार?"

"तसं नाई वं. माणसं तोंडानं बोलत नाईत. आमच्या जाऊच्या बापाले असंच केलं. बोलले काईच नाईत. फक्त रोज काई ना काई त्याच्या हातून बिघडलं म्हणून दाखवलं. म्हताऱ्यानं आपलं आपण गाठोडं बांधलं."

झालं! ठिणगीच पडली. ती बाई माप देऊन गेली, पण मी मशीनवर बसून नुसती चाक फिरवत राहिले, सुईत दोरा नाही हेही कळलं नाही. त्याच्या हातून बिघडलं म्हणून दाखवलं. दोन मासे मेले. बाबा टाकीशी बसतात. उद्या तिसरा मेला की हा म्हणेल, तुझ्या बापानं काहीतरी खाऊ घातलं. आणि बाबांना हे ऐकायलाही लागणार नाही, नुसता वास आला तरी ते निघून जातील. त्यांचा स्वभाव मला माहीत. एकदा जानेफळच्या घरात गेले की परत येणार नाहीत, आणि पुढच्या वेळी मोरीत पडतील तेव्हा उचलायलाही कोणी नसेल.

आता मी काय विचार केला, ते सांगायला लाज वाटते. पण सांगते. मला वाटलं, ते दोन मासे नवऱ्यानंच मारले. आपल्या हातानं. स्वतःच्या लेकरासारखे जपलेले मासे! पण संशयाला बुड नसतं, तो कुठंही बसतो. प्रयोगशाळेत काम करणारा माणूस, याला काय कठीण आहे?

आणि मग मला ती बाटली सापडली.

टाकीच्या खालच्या कपाटात, पंपाच्या जुन्या नळ्यांच्या मागं, मधाची रिकामी बाटली. आत पांढरे खडे, खडीसाखरेसारखे. वर कागद नाही, नाव नाही. मी झाकण उघडून वास घेतला, काहीच नाही. ज्याला वास नसतो तेच जास्त वाईट, असं मला वाटलं. संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिथी खाली काय काय भरून ठेवलं हो? एकदा साफ करून घेऊ काय?"

"नको, त्याले हात नको लावू," तो पटकन म्हणाला. "माशायचं सामान हाये."

हात नको लावू! एवढं चटकन तो कधीच उत्तर देत नाही.

मधे दोन वेळा नळ येऊन गेला आणि एकही मासा मेला नाही. शहाण्या बाईला बरं वाटलं असतं. मला वाटलं, हा थांबलाय. योग्य दिवस बघतोय. नळाच्या दिवशी तो पहाटे उठून टाकीशी काहीतरी करतो, हेही माझ्या लक्षात आलं होतं. कपाटाचं दार कुरकुरायचं, पाण्यात काहीतरी टाकल्याचा बारीक आवाज यायचा. मी अंथरुणात डोळे मिटून ऐकत असायची.

फाल्गुनात, ऊन तापायला लागलं तेव्हा, मी ती बाटली काढली आणि माझ्या चिंध्यांच्या गाठोड्यात अगदी तळाशी लपवली. अस्तराचे तुकडे, काठ, उरलेल्या बाह्या, त्यांच्या खाली. आता बघते काय करतोस ते, असं मनात म्हटलं. फार दिवसांनी त्या दिवशी मला गाढ झोप लागली.

दोनच दिवसांनी नळ आला. नेमकं त्याच दिवशी नवऱ्याला परीक्षेच्या कामाला मेहकरला जायचं होतं, सकाळी साडेसहाची गाडी. मी चहा ठेवत होते. तो कपाट उघडून बसला होता, नळ्या बाहेर काढल्या, जाळी काढली, खाद्याचे डबे काढले.

"इथी एक बाटली होती. पाह्यली काय?"

"कोणती बाटली?"

"मधाची. पांढरे खडे होते तिच्यात."

"मले काय माहीत? तुमीच म्हटलं ना, हात नको लावू."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होता. घड्याळ पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं, ते दाराशी दात घासत होते. म्हणाला, "बरं," आणि पिशवी उचलून गेला. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती. मला ती पकडलं गेल्याची भीती वाटली, आणि मी मनातल्या मनात जिंकले.

नऊच्या सुमारास नळ सुटला. मी भांडी भरून झाल्यावर मशीनवर बसले. बाबांनी आंघोळ केली, धोतर नेसलं, आणि मोरीतून एक भरलेली बादली घेऊन आले. ताज्या नळाची, काठोकाठ. दोन्ही हातांनी उचलून, हळूहळू पाय टाकत. मला वाटलं झाडांना घालणार. ते टाकीपाशी आले, झाकण सरकवलं आणि तांब्या तांब्यानं पाणी आत ओतायला लागले. एक तांब्या, दुसरा, तिसरा. ओतताना माशांशी बोलत होते, "घ्या बाप्पा, ताजं पाणी आलं आज. घ्या." बादली रिकामी झाली, तसे परत गेले आणि दुसरी घेऊन आले.

माझा हात मशीनच्या चाकावरच राहिला. पण मी पुन्हा मशीन सुरू केलं. म्हटलं, पाणीच तर आहे.

बारा वाजायच्या आत टाकीत धुमाकूळ झाला. पॅरट दगडांवर अंग घासायला लागले. उरलेला डॉलर आडवातिडवा पळत काचेवर आपटला. आणि मोठा, जो कधी घाई करत नाही, तो पाण्याच्या अगदी वर येऊन तोंड उघडं ठेवून धापा टाकू लागला. एकदा त्यानं अशी उडी मारली की झाकण ठणकन वाजलं. मी पळत गेले. एक पॅरट तळाशी पडला होता. बघता बघता दुसरा पडला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नळाच्या दिवशी, दर वेळी, मी मागं हंडे भरण्यात असायची तेव्हा. पहिल्या दोन वेळीही. नवरा नव्हे. बाबा.

बाबा खुर्चीतून उठून काचेला नाक लावून उभे होते. "काय झालं वं यायले?"

"बाबा, तुमी दर वेळी नळाचं पाणी टाकता यायच्यात?"

"टाकतो ना. तो ड्रम तं पाह्य, दोन दोन दिवसाचं शिळं पाणी टाकतात जवाई. त्यायले वेळ भेटत नसंल. मी बैलाले कधी रातचं पाणी पाजलं नाई माय, ज्या दिवशी पाणी आलं त्या दिवशी पयलं जनावराले. हे तं बिचारे पाण्यातच राह्यतात."

किती प्रेमानं सांगत होते. आणि मला काय दिसत होतं, तर संध्याकाळ. नवरा येईल, मोजेल, विचारेल, कळेल. इतके दिवस नुसता संशय होता, आता खरोखर बाबांच्या हातून घडलं होतं. आता त्याला कारण मिळालं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. राग नवऱ्यावर होता, भीती नवऱ्याची होती, आणि निघालं सगळं बापावर.

"कोणी सांगितलं होतं तुमाले? कोणी सांगितलं? चुपचाप बसता येत नाई काय एका जागी? मी इथं तुमाले ठेवाले जीव काढून राह्यली, आन तुमी त्याचेच मासे मारता! आता त्या टाकीले हात लावू नका. तुमच्या पायी मायं घर मोडंल एखाद्या दिवशी!"

बोलले. सगळं बोलले. एक शब्द कमी नाही.

बाबांनी रिकामा तांब्या बादलीत ठेवला. "हाव," म्हणाले. "बरोबर हाये तुयं." आणि बादली मोरीत नेऊन पालथी घातली. मी पुन्हा टाकीकडे वळले, ड्रममधलं उरलेलं पाणी घालू का काय करू, काही सुचेना. हवेचा पंप वाढवला. मेलेले काढले. त्या गडबडीत ते कधी चप्पल घालून बाहेर पडले ते मला दिसलं नाही. मला वाटलं, अंगणात असतील. तीन वाजता चहा केला तेव्हा अंगणात नव्हते. आत जाऊन पाहिलं तर खुंटीवरची त्यांची पिशवी नव्हती, आणि डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली मात्र खिडकीत तशीच. तीच गल्लीतली बाई दारात येऊन म्हणाली, तुये बाबा मेहकरच्या गाडीत बसतानी दिसले, गावी गेले काय?

मी दार लोटून घेतलं.

साडेसहाला नवरा आला. मी दारातच तयार होते. लाईट गेली होती, पंप बंद पडला होता, असं सांगायचं ठरवलं होतं. तो टाकीपाशी गेला. मोठा तिरपा तरंगत होता, एक डोळा पांढुरका झालेला. पॅरटमधला एकच उरला होता, डॉलर गेला होता, आणि सकर कोपऱ्यात चिकटून पडला होता.

"बाबानं पाणी टाकलं," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

आणि माझा बांध फुटला. "हाव, टाकलं! म्हताऱ्या माणसाले काय समजते? पण तुमाले तं पाह्यजेच होतं ना हे! पयल्या दिवसापासून तुमी त्यायच्या मागं लागले. मोजता काय, खुर्ची लावता काय, फोटो काढता काय! आन ती बाटली! समजत नाई काय मले? घ्या, गेले ते. समाधान झालं?"

त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "बाटली कुठी हाये?"

मी गाठोडं उपसलं. चिंध्या खोलीभर झाल्या. त्यानं बाटली घेतली, चार-सहा खडे मगात विरघळवले आणि टाकीत ओतले. मग पाठमोराच बोलला. तो आयुष्यात माझ्याशी सलग इतकं कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

"हायपो म्हणतात याले. नळाच्या पाण्यातल्या पावडरनं मासे मरतात, हे त्या पावडरचा जोर मारते. दुसरा मासा मेला, त्याच्या आदल्या दिवशी मले दिसलं, बाबा बादली घेऊन आले. मी आतच उभा होतो. म्हटलं, आता काय सांगाव? एवढ्या आवडीनं टाकून राह्यले. इथी आल्यापासून तेवढं एकच काम ते आपलं समजून करतात. नको म्हटलं असतं तं पुन्हा दाराजवळ जाऊन बसले असते. म्हणून हे आणलं. त्यायनं पाणी टाकाच्या आधी मी पहाटे खडे टाकून ठेवत होतो. मंग त्यायनं किती बी टाकलं तरी काई होत नाई."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तू त्यायले बोलली असती."

मी खाली बसले. चिंध्यांतच बसले. मोबाइल काढून त्यानं माझ्यापुढं धरला, माझ्या भावाला पाठवलेले फोटो होते, एकेकाच्या खाली दोन दोन शब्द. बाबा आज हसले. बाबा माशायसंग बोलून राह्यले. मी पुढचे बघितले नाहीत.

"मी चार महिने त्या माणसाले एक शब्द लागू देला नाई," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "सकाळी पयल्या गाडीनं जा. तू बोलली, तूच जा. मायं नाव सांग, मी बोलावलं म्हणून."

मोठा वाचला. सकाळी तो सरळ होता, डोळ्यावरचं पांढरं तेवढं राहिलं.

मी जानेफळला पोचले तेव्हा साडेदहा झाले असतील. घराचं दार उघडं होतं. बाबा चार महिन्यांची धूळ बसलेली भांडी घासत ओट्यावर बसले होते, आणि एका डोळ्यातून पाणी येत होतं. थेंब घातले नव्हते, म्हणून. मी थेंबांची बाटली काढली, त्यांची हनुवटी वर केली, थेंब घातले. त्यांनी घालू दिले. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, मोठा जगला काय? मी म्हटलं, जगला. मग मी सगळं सांगितलं, हायपोचं, पहाटेचं, मी बाटली लपवली ते. तुमच्यानं नाई मेले बाबा, माझ्यानं मेले, असंही सांगितलं. माझं रडणं थांबत नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"चला बाबा घरी," मी म्हटलं.

ते राखेनं भरलेले हात धुवायला उठले. पाण्याचा मग हातात धरून थांबले आणि माझ्याकडे पाहिलं.

"जवायाचा निरोप हाये, का तू तुया मनानं आली?"

माझ्या मनानं आले, असं खोटं बोलणं सोपं होतं. तोंडात आलंही होतं. पण मी कालपासून स्वतःला विटले होते.

"त्यायचा निरोप हाये," मी म्हटलं. "त्यायनंच पाठवलं."

"मंग येतो," बाबा म्हणाले. हात धुतले, खांद्यावरच्या पंचाला पुसले आणि पिशवी आणायला आत गेले.

मी ओट्यावर उभी राहिले. माझ्या शब्दावर ते आले असते की नाही, हे मी त्यांना विचारलं नाही. आज दीड वर्ष झालं, ते आमच्याकडेच आहेत, आणि अजूनही विचारलेलं नाही.